जुन्या वळणाचा ख्रिसमस ट्री: पहिल्यांदा सजवणाऱ्या नाशिककरांसाठी

दुकानात ‘व्हिंटेज सेट’ असं लिहिलेला चोवीस गोळ्यांचा डबा दिसला तर तो घेऊ नका. त्यातले सगळे गोळे एका मापाचे, एकाच तांबूस-सोनेरी रंगाचे आणि सगळ्यांवर एकसारखी खोटी झीज. जुना ट्री असा कधीच नव्हता. तो दर वर्षी एक-दोन वस्तूंनी वाढत जायचा. एक गोळा टपोरा, एक पिचका, एका काचेच्या चिमणीची शेपटी गेलेली, मुलांनी शाळेत केलेली कागदी साखळी. असा ट्री विकत आणता येत नाही, जमवावा लागतो. तरी पहिल्याच वर्षी तो उभा राहू शकतो, कारण अर्धं सामान नाशकातल्या कुठल्याही मराठी घरात पडलेलं असतं: मखराचं उरलेलं बेगड, आजीच्या दारावरचं तुटकं नळ्यांचं तोरण, वातींचा कापूस, माळ्यावरचं पितळी घंगाळ.

शरणपूर रोडच्या आमच्या घरात मी बरीच वर्षं असा ट्री सजवते. आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळी, चिवडा होतो आणि ट्रीही असतो. दोन्ही तितकेच आमचे. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १९ व्या शतकातली आहे, त्यामुळे नाशिकला नाताळ नवा नाही. हल्ली नाताळ न पाळणाऱ्या घरांतल्या मैत्रिणीही विचारतात, ‘तुझ्यासारखा ट्री कसा करायचा गं?’ त्या सगळ्यांना जे तुकड्यातुकड्यांत सांगत आले, ते इथे सलग लिहिते.

आधी काळ ठरवा

‘जुन्या पद्धतीचा’ म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं, पण खरं तर ते तीन-चार निराळे ट्री आहेत आणि एकमेकांत मिसळले की सगळंच बिघडतं.

सगळ्यात जुना व्हिक्टोरियन. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं ट्रीभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं आणि मूळची जर्मन घरांतली ही रीत इंग्लंडात घरोघर जायला लागली. ते चित्र कुठे दिसलं तर नीट पाहा. ट्री जमिनीवर नाही, टेबलावर आहे. फांद्यांचे आडवे मजले आहेत, मधे भरपूर मोकळी जागा आहे, मेणबत्त्या आणि खाऊ आहे.

दुसरा साधारण १८८० ते १९३० चा, काचेच्या गोळ्यांचा. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगराळ भागात लाउशा नावाचं गाव आहे. तिथली कुटुंबं घरच्या घरी ज्योतीवर काच फुंकून गोळे, पक्षी, फळं करायची आणि आतून चांदीचा मुलामा द्यायची. अमेरिकेतल्या वूलवर्थनं १८८० मध्ये हे गोळे आपल्या दुकानात ठेवायला सुरुवात केली आणि लाउशाचा माल समुद्रापार खपू लागला.

तिसरा १९४०-५० चा. महायुद्धामुळे जर्मन माल येईना, तेव्हा अमेरिकेत कॉर्निंग कंपनीनं विजेच्या बल्बची काच बनवणाऱ्या यंत्रावरच हे गोळे फुंकायला घेतले. युद्धात धातूंची टंचाई झाली तशी आतली चांदी गेली, नितळ काचेवर नुसते रंगीत पट्टे आले आणि गोळ्याच्या डोक्यावरची पत्र्याची टोपी जाऊन पुठ्ठ्याची आली. कधी जुन्या सामानात पुठ्ठ्याच्या टोपीचा गोळा हाताला लागला, तर तो जपा.

चौथा आपला. माझ्या आजीच्या घरचा: सुरूची फांदी, पिळलेल्या क्रेप कागदाच्या पताका, झिरोचे रंगीत बल्ब, कापसाचा बर्फ, वर बेगड लावलेली पुठ्ठ्याची चांदणी.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं दुसऱ्याचे आकार घ्यावेत आणि चौथ्याचं सामान. एवढी एकच सरमिसळ मला मान्य आहे, कारण आजीनंही तेच केलं होतं. परदेशी काचेची फळं परवडत नव्हती, म्हणून तिनं ती कापसाची केली. यात प्लॅस्टिकचे बर्फाचे स्फटिक, उड्या मारणारे निळे दिवे आणि ‘मेरी ख्रिसमस’च्या चकचकीत पाट्या येऊ देऊ नका. कुणी प्रेमानं आणून दिल्या तर दारावर लावा.

झाड कुठलं

दाट, भरगच्च झाड जुन्या सजावटीला मारक. जुना गोळा फांदीवर टेकलेला नसतो, फांदीखाली मोकळा लोंबत असतो आणि हवेच्या झुळकीनं जरासा फिरतो. त्यासाठी दोन फांद्यांमध्ये निदान वीतभर अंतर हवं. जर्मनीत पूर्वी हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेवर गुंडाळत आणि छोटी झाडं करत. ती अशीच विरळ, हाडकुळी असत आणि गोळ्यांना त्यांच्यासारखी दुसरी जागा नाही.

नाशकात तीन पर्याय आहेत. मला सगळ्यात आवडतो अरौकेरिया, नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणूनच मिळतो. त्याच्या फांद्या आपोआप मजल्यामजल्यानं फुटतात, अगदी त्या जुन्या चित्रासारख्या. अडीच-तीन फुटी रोप पुरे. फांद्या लवचिक असतात, तेव्हा जड काही टांगायचं नाही. शेंडा तर अजिबात दुखवायचा नाही. तो एकदा मोडला की झाड पुन्हा तसं सरळ वाढत नाही. म्हणून चांदणी शेंड्यावर खोचू नका. खोडामागे बांबूची कामटी रोवून तिला बांधा. नाताळ झाला की कुंडी उजेडाच्या बाल्कनीत न्या, पण एप्रिलच्या दुपारच्या उन्हापासून लांब ठेवा.

दुसरा पर्याय सुरूची फांदी. ती नर्सरीवाल्याकडून किंवा कुणाच्या मळ्यात छाटणी झाली असेल तिथून मागून आणा. रस्त्याकडेचं झाड तोडू नका, शहरात त्याला महापालिकेची परवानगी लागते. फांदी ओल्या वाळूत रोवली की दहाएक दिवस बरी राहते, मग सुया गळतात. त्यामुळे १५ डिसेंबरच्या आत आणायची घाई नको.

तिसरा म्हणजे घरात आधीच असलेला प्लॅस्टिकचा ट्री. तो टाकून देऊ नका, विरळ करा. सुट्या फांद्या अडकवायचा असेल तर प्रत्येक मजल्यावरची एकाआड एक फांदी लावूच नका. फांद्या कायमच्या जोडलेल्या असतील तर प्रत्येक फांदीची मधली टोकं खोडाकडे दुमडा आणि बाहेरची दोन-तीनच पसरू द्या. चार फुटी झाडावर हे काम तासभर घेतं. ते उरकलंत की निम्मी सजावट झाली असं समजा.

झाड टेबलावर किंवा जुन्या लाकडी पेटीवर ठेवा. बुडाला घंगाळ. घरात नसेल तर भांडी बाजारात, तांबट लेनच्या बाजूला मोडीत आलेली पितळी-तांब्याची भांडी वजनावर मिळतात. त्यातलं एखादं पोचे आलेलं बघून घ्या, स्वस्त पडतं. आत विटांचे तुकडे आणि वाळू भरली की झाड हलत नाही. आणि घंगाळ चिंचेनं घासून लख्ख करू नका. फडक्यानं पुसा, कडांचा काळसरपणा तसाच राहू द्या.

दिवे

विजेच्या दिव्यांचा पहिला ट्री १८८२ मध्ये न्यूयॉर्कात उभा राहिला, एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी. लाल, पांढरे आणि निळे मिळून ऐंशी दिवे हातानं तारेला जोडले होते. म्हणजे रंगीत दिवेही ‘जुने’च. तरी पहिल्या वर्षी एकाच रंगाची माळ घ्या: वॉर्म व्हाइट, म्हणजे समईच्या ज्योतीसारखा पिवळसर उजेड. दुकानात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. डब्यावर वॉर्म लिहिलेलं असतं आणि आत लिंबासारखा पिवळा किंवा निळसर पांढरा निघतो. चार फुटी झाडाला शंभर दिव्यांची एक माळ पुरते, दोन झाल्या तर जास्तच. ज्या माळेला उघडझाप बंद करायचं बटण नाही ती नकोच.

आजीसारखा ट्री करायचा असेल तर झिरोच्या बल्बची माळ इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण बल्ब अर्ध्या वॅटचे एलईडीच लावा. जुने तापतात, आणि आपण झाडावर कापूस आणि कागद टांगणार आहोत. त्याच कारणानं पेटती मेणबत्ती झाडावर नाही, झाडाजवळही नाही. मेणबत्त्या खिडकीत लावा.

माळ गुंडाळताना झाडाला बाहेरून वेटोळे घालत जाऊ नका. खोडापासून फांदीच्या टोकापर्यंत आणि परत खोडाकडे अशी न्या. उजेड आतून यायला हवा. गोळ्यांच्या मागून उजेड आला की काच जिवंत होते, समोरून आला तर नुसती चमकते.

कापसाचा द्राक्षघड

हे या लेखातलं माझं सगळ्यात आवडतं काम, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लाउशाच्या नाजूक गोळ्यांच्याही आधी जर्मनीत जाड काचेचे गोळे होत, त्यांना कुगेल म्हणतात. त्यांत द्राक्षाचा घड हा फार लाडका आकार. पुढे जर्मनीत आणि जपानमध्ये तारेवर कापूस वळून, खळ लावून फळं, पक्षी आणि मुलं करू लागले. आणि इथे आपण नाशकात बसलोय, जिथे डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून घड सांभाळतात! नाशिकच्या ट्रीवर द्राक्षाचा घड नसेल तर काय असेल?

सामान: वातींचा कापूस, फुलं करायची बारीक तार, फेव्हिकॉल, पोस्टर कलर, हिरवा क्रेप कागद. मेडिकलमधला कापूस फार गुळगुळीत असतो, वळला तरी सुटतो. पूर्वी मैद्याची खळ वापरत आणि तिला कीड लागू नये म्हणून पुस्तकं बांधणारे बाइंडर त्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या घरात नको. नुसत्या मैद्यावर झुरळं येतात. म्हणून एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी.

तारेचे वीतभर लांबीचे २१ तुकडे करा. प्रत्येकाचं टोक बारीक गोल वळवा, नाहीतर कापूस सुटून वर येतो. बोराएवढा कापूस घेऊन आधी तळव्यांमध्ये कोरडाच वळा. वात वळणारा हात हे पाच मिनिटांत शिकतो. फरक एवढाच की वात सैल हवी आणि हे मणी घट्ट. वळलेला मणी तारेच्या टोकावर गुंडाळा, त्यावर कापसाचा एक पातळ पापुद्रा आडवा फिरवा. मग बोटांना फेव्हिकॉलचं पाणी लावून पुन्हा वळा. सुरुवातीला तो लिबलिबीत होतो, बिघडलाच असं वाटतं. वळत राहा, अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग आवळतो आणि मण्याला अंड्याच्या कवचासारखी कातडी येते. पाण्यात मणी बुडवू नका. बुडवला की आतपर्यंत भिजतो, दोन दिवस वाळत नाही आणि वाळल्यावर सुरकुततो.

तारा एका मोठ्या बटाट्यात खोचून ठेवा, म्हणजे मणी एकमेकांना चिकटत नाहीत. नाशिकच्या डिसेंबरच्या उन्हात सकाळी दहाला ठेवलेलं चारपर्यंत खडखडीत होतं.

रंग पातळ ठेवा. जांभळ्यात थोडा लाल आणि अगदी टिपकाभर काळा. थॉम्पसन जातीच्या हिरव्या द्राक्षांचा घड करायचा असेल तर पोपटीत पिवळा. सगळे मणी एकसारखे रंगवू नका. घडात दोन-तीन नेहमी कच्चे असतात, ते फिकट राहू द्या. रंग वाळला की कोरड्या ब्रशाच्या टोकाला किंचित पांढरा घेऊन मण्यांवर हलके टेकवा. खऱ्या द्राक्षावर जी धुरकट पांढुरकी झाक असते ती येते, आणि तिथेच तो कापूस द्राक्ष होतो.

आता बांधणी. खाली १, त्यावर ३, मग ५, मग ६, आणि वर पुन्हा ६. प्रत्येक ओळीच्या तारा आधीच्या देठाला पिळत वर चला. मणी एकमेकांना टेकले पाहिजेत, मधून तार दिसता कामा नये. वर क्रेपची दोन पानं. क्रेप आधी चहाच्या कोऱ्या पाण्यात बुचकळून वाळवला की त्याचा भडक हिरवा उतरतो. एक तार विणायच्या सुईवर गुंडाळून काढली की द्राक्षवेलीची कुरळी तणावी तयार.

पहिला घड करायला दोन तास लागतील. तिसरा पाऊण तासात होतो. झाडाला तीन पुरेत.

मणी, कागद, अक्रोड

जुन्या काचेच्या नळ्यांचं तोरण बहुतेक घरांत धागा कुजून तुटलेलं, एखाद्या डब्यात पडलेलं असतं. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, अशाच पोकळ काचेच्या मण्या-नळ्यांपासून तारेवर चांदण्या, कंदील, टोपल्या करत आणि ते ट्रीवर टांगत. तोरणाच्या नळ्या धुऊन घ्या. बोटाएवढ्या लांबीच्या तीन पितळी तारा मधोमध एकत्र पिळा, सहा हात पसरा. प्रत्येक हातावर मणी, नळी, मणी, नळी आणि शेवटी एक मोठा मणी. टोक चिमट्यानं वळवून बंद. एवढंच. कमी पडलं तर मेन रोडच्या मागच्या गल्ल्यांत गोटा-जर-मण्यांची दुकानं आहेत. तिथे प्लॅस्टिकचे मणी पुढे करतात, तुम्ही काचेचेच मागा. ओठाला लावून बघा, काच गार लागते.

कागदाच्या साखळीसाठी नवा पांढरा कागद चहानं रंगवतात. चहा पावडर पाण्यात उकळून गाळा, रुंद ब्रशानं फासा, दोरीवर वाळत घाला. ताटात बुडवला तर कडांना गडद डाग येतात, तेही छान दिसतात. पट्ट्या बोटभर रुंद नकोत, निम्म्या करा. अरुंद पट्टीची साखळी नाजूक पडते.

अक्रोडांना सोनेरी रंग लावून टांगणं ही फार जुनी रीत आहे. अख्खा अक्रोड, दोन फाकांच्या मधल्या फटीत तारेचं टोक फेव्हिकॉलमध्ये बुडवून खोचायचं, वरून रंग. मुलांना हे काम द्या.

जुन्या ट्रीवर रंगीत छापील चित्रांचे कातरलेले तुकडे असत: देवदूत, फुलं, मुलांचे चेहरे. ती दगडावरच्या छपाईची चित्रं. आपल्याकडे १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्मांचा छापखाना याच तंत्रावर देवादिकांची चित्रं छापत होता, म्हणून ते दाट मऊ रंग आपल्या डोळ्यांना ओळखीचे वाटतात. घरातलं जुनं नाताळ कार्ड असेल तर ते मात्र कापू नका. त्याची रंगीत प्रत काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा, बारीक कात्रीनं कडेकडेनं कातरा आणि कडेला बेगडाची किनार द्या.

खरे जुने गोळे हाती आले तर

जुना गोळा पाण्यानं धुऊ नका, ओल्या फडक्यानंही पुसू नका. आईच्या ट्रंकेत एक निळा गोळा होता, पोटाशी खोलगट चांदीची वाटी असलेला. पहिल्या वर्षी मी तो ओल्या फडक्यानं पुसला. निळा रंग फडक्यावर आला आणि बोटाच्या रुंदीएवढी नुसती चांदी उघडी पडली. आई काही बोलली नाही, तिनं तो भाग मागे वळवून टांगला. तेव्हापासून मी मऊ, कोरडा मेकअपचा ब्रश वापरते, तोही फुंकर घालत, दाब न देता.

टोपी कधीही ओढून काढू नका, गोळ्याची मान तिथेच तडकते. टोपी सैल झाली असेल तर आतल्या स्प्रिंगचे दोन पाय थोडे फाकवा. आणि सामानात शिसासारखी मऊ, जड, चंदेरी झिरमिळी सापडली तर ती खरोखरच शिशाची असू शकते. पूर्वी तशी करत, अमेरिकेत ती १९७२ मध्ये थांबली. ती दिसते अप्रतिम, पण मुलांच्या हाती लागू देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा. मी आमची पाकिटात बंद करून ठेवली आहे आणि ट्रीवर चंदेरी बेगडाच्या पट्ट्या लावते.

जुने नसतील तर साधे काचेचे गोळे घ्या, पण तीन मापांचे. नव्याची चमक मारायला पोस्टर कलरचा तपकिरी, थोडं फेव्हिकॉल आणि पाणी एकत्र करून लावा आणि ओला असतानाच मऊ फडक्यानं टिपून घ्या. टोपीजवळ आणि खळग्यांत थोडा राहू द्या. सगळ्या गोळ्यांना हे करू नका, चारातल्या एकाला.

टांगायचा क्रम

घाईत हाच भाग चुकतो. दिवे सगळ्यात आधी. मग साखळ्या, फांदीवरून फांदीवर झोळ देत, ताणून नाही. मग मोठे, साधे गोळे आत, खोडाजवळ; त्यांचं काम उजेड परतवण्याचं. त्यानंतर द्राक्षांचे घड, मण्यांच्या चांदण्या, चित्रं: बाहेरच्या बाजूला, पण टोकाला नाही, टोकापासून चार बोटं आत. सगळ्यात छोटे गोळे टोकांना. नाजूक आणि जुनं ते वरच्या निम्म्यात. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर खालच्या मजल्यावर फक्त कागद, कापूस आणि अक्रोड.

टांगायला स्टीलचे हूक नकोत, चमकतात. जुन्या तांब्याच्या तारेचे किंवा काळ्या सुती दोऱ्याचे फास करा. फासांची लांबी बदलती ठेवा, दोन बोटांपासून चार बोटांपर्यंत.

चार फुटी झाडावर पस्तीस-चाळीस वस्तू झाल्या की थांबा. दहा पावलं मागे जा, खोलीतला दिवा बंद करा आणि डोळे किलकिले करून बघा. जिथे काळोखाचा मोठा तुकडा दिसेल तिथे अजून काही लावायची इच्छा होते. लावू नका. तो काळोखच बाकीच्यांना उठाव देतो. गर्दीचा गठ्ठा दिसला तर मात्र तिथून एक वस्तू काढा.

शेवटी बेगडाची झिरमिळी. बेगड दोन मिलिमीटर रुंद, फूटभर लांब पट्ट्यांत कातरा. मूठभर फेकायची नाही; एकेक पट्टी फांदीवर मधोमध ठेवायची, दोन्ही टोकं सरळ खाली लोंबली पाहिजेत. याला संध्याकाळ जाते. आमच्याकडे हे काम शिधा वाटल्यासारखं वाटून दिलेलं असतं, प्रत्येकाला एक मजला, आणि तेवढा वेळ कुणीतरी भजनं म्हणतं.

वर चांदणी. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या उरल्या असतील तर त्यांचीच पाचकोनी करा, घोटीव कागद लावा, कडेला जरीची पट्टी.

झाडाखाली गव्हाणी, म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा, आणि तिच्याखाली जुन्या सुती लुगड्याची घडी. गोधडी असेल तर फारच छान. पैठणी घालू नका, कितीही मोह झाला तरी. येवल्याच्या विणकराचे कष्ट तारेत अडकून उसवायला नकोत.

उतरवताना

आम्ही ट्री ६ जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या सणाला उतरवतो. लावण्याच्या उलट क्रमानं: बेगड आधी, दिवे शेवटी. गोळे पांढऱ्या पातळ टिश्यूत गुंडाळा, वर्तमानपत्रात नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्राची शाई चांदीवर उतरते. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लहान गोळ्यांना चांगले. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधू नका, आत दमटपणा कोंडतो आणि मुलाम्यावर काळे ठिपके येतात. पत्र्याची ट्रंक, तळाला सुती कापड, कोपऱ्यांत सिलिका जेलच्या पुड्या. गच्चीलगतच्या माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, त्यापेक्षा पलंगाखाली ठेवा. कापसाचे घड वेगळ्या डब्यात, सोबत वेखंडाचा तुकडा.

गणपतीचं सामान काढाल तेव्हा ही ट्रंकही एकदा उघडा, तासभर हवा लागू द्या, पुड्या बदला. मखराचं जे बेगड, जरीचे जे तुकडे उरतील ते तेव्हाच आत टाका.

आणि प्रत्येक वस्तूच्या टिश्यूत एक चिठ्ठी घाला: कुठल्या साली आली, कुणी दिली, कुणी केली. पेन्सिलीनं लिहा. शाई पसरते.